मेलबर्नला पानगळ, कुरुळीला पाडवा: दक्षिण गोलार्धातला 'ऑटम' नेमका कसा असतो?

मे महिन्यात चाकण किंवा मोशीच्या बाजारात सफरचंद घ्यायला गेलात, तर त्यावरचा छोटा स्टिकर एकदा वाचून बघा. हिमाचल आणि काश्मीरची नवी सफरचंदं बाजारात यायला अजून दोन-तीन महिने असतात. तरीही गाडीवर ताजी, करकरीत, लालसर सफरचंदं दिसतात. अशा सफरचंदांवर बऱ्याचदा न्यूझीलंड किंवा चिलीचं नाव असतं.

आपल्याकडे घामाच्या धारा लागलेल्या असताना हे फळ पिकलं कुठे? उत्तर सोपं आहे. तिकडे तेव्हा उन्हाळा संपून 'ऑटम' सुरू झालेला असतो. झाडांची पानं पिवळी-लाल होत असतात आणि सफरचंद-द्राक्षांची तोडणी चालू असते.

पुणे-नाशिक महामार्गावर मोशी आणि चाकणच्या मधल्या कुरुळीसारख्या गावातून आज अनेकांचा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी संबंध येतो. कुणाची मुलगी मेलबर्नला शिकायला जाते, कुणाचा भाऊ ऑकलंडला नोकरी करतो. आणि मग मार्च-एप्रिलच्या व्हिडिओ कॉलवर प्रश्न येतो: इथे पंखा पाचवर आहे, तू स्वेटर घालून का बसलीयेस?

हा ऑटम म्हणजे काय, तो मार्चमध्ये का येतो, त्याला 'शरद' म्हणावं का, आणि त्या काळात तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाच्या घड्याळात, कपाटात आणि पंचांगात काय बदलतं, ते समजून घेऊया.

थोडक्यात

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये १ मार्च ते ३१ मे हे तीन महिने ऑटम मानले जातात. हा हवामान खात्याच्या सोयीचा हिशेब आहे. खगोलशास्त्राच्या हिशेबाने दक्षिणेतला ऑटम २० मार्चच्या आसपास, म्हणजे विषुवदिनाला सुरू होतो आणि २१ जूनच्या आसपास संपतो. अर्जेंटिनासारख्या देशात हाच दुसरा हिशेब जास्त वापरतात.

हवामान खात्याचा हिशेब धरला, तर गुढीपाडवा तिकडे याच ऋतूत येतो. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला.

ऋतू उलटे का असतात?

शाळेत शिकलेली गोष्ट इथे कामाला येते. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना हा कल तसाच राहतो. त्यामुळे वर्षातले सहा महिने उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो आणि उरलेले सहा महिने दक्षिण गोलार्ध.

ऋतू सूर्यापासूनच्या अंतरामुळे होतात, असा अनेकांचा समज असतो. पण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला. तेव्हा अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर असतं आणि कुरुळीत थंडी असते. जुलैच्या सुरुवातीला अंतर वाढून १५.२ कोटी किलोमीटर होतं. म्हणजे फरक पडतो तो अंतरामुळे नाही, तर सूर्यकिरण किती सरळ पडतात आणि दिवस किती मोठा असतो यामुळे.

२० मार्चच्या आसपास दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात. त्यानंतर आपल्याकडे दिवस वाढत जातो आणि दक्षिणेत तो कमी होत जातो. आपला उन्हाळा आणि त्यांचा ऑटम या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत.

दिवस किती लहान होतो?

हा बदल किती जाणवेल, हे तुम्ही विषुववृत्तापासून किती लांब आहात यावर ठरतं. कुरुळी विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे पावणेएकोणीस अंशांवर आहे. मेलबर्न दक्षिणेला जवळपास ३८ अंशांवर, म्हणजे दुप्पट अंतरावर.

कुरुळीत १ मार्चला दिवस साधारण पावणेबारा तासांचा असतो आणि मे अखेरीला तो सुमारे तेरा तास दहा मिनिटांचा होतो. तीन महिन्यांत फरक पडतो दीड तासाच्या आतला. मेलबर्नमध्ये याच तीन महिन्यांत दिवस जवळपास तेरा तासांवरून पावणेदहा तासांवर येतो. म्हणजे तीन तासांहून जास्त उजेड कमी होतो.

मे अखेरीला मेलबर्नमध्ये संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांच्या आसपास सूर्य मावळतो. कुरुळीत त्याच दिवशी सात वाजता अजून उजेड असतो.

तापमानही उलट दिशेने जातं. मेलबर्नचं सरासरी कमाल तापमान मार्चमध्ये सुमारे २४, एप्रिलमध्ये २० आणि मेमध्ये १७ अंश सेल्सिअस असतं. पुणे परिसरात याच काळात पारा ३६ ते ३८ अंशांच्या आसपास असतो.

'ऑटम'ला शरद म्हणायचं का?

शाळेच्या पुस्तकात ऑटम म्हणजे शरद ऋतू असं आपण पाठ करतो. महिन्यांच्या हिशेबाने ते बरोबर वाटतं. उत्तर गोलार्धात ऑटम सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो आणि आपला शरद आश्विन-कार्तिक, म्हणजे साधारण तेव्हाच.

पण अनुभवाच्या हिशेबाने दोन्ही वेगळे आहेत. आपल्या शरदात पानं गळत नाहीत. पाऊस सरलेला असतो, आभाळ स्वच्छ असतं, डोंगर हिरवे असतात आणि कोजागिरीला चांदण्यात दूध आटवलं जातं. दिवसा तर 'ऑक्टोबर हीट' असते.

आपल्याकडची पानगळ येते शिशिरात, म्हणजे माघ-फाल्गुनात. म्हणून मराठीत पानगळ म्हटलं की शिशिर आठवतो, शरद नाही.

थोडक्यात, युरोपातल्या ऑटमचे दोन तुकडे आपल्याकडे दोन वेगवेगळ्या ऋतूंत विभागले गेले आहेत. ऊन उतरणं आणि आभाळ निवळणं शरदाकडे, पानं गळणं शिशिराकडे. म्हणूनच मेलबर्नच्या एप्रिलला नुसतं 'शरद' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर चुकीचं चित्र येतं.

पानं इथेही गळतात आणि तिथेही. मग फरक काय?

गंमत म्हणजे मार्च महिन्यात कुरुळीच्या आसपासही पानगळ संपत आलेली असते. काटेसावर आणि पळस निष्पर्ण होऊन फुललेले असतात. कडुनिंब जुनी पानं टाकून तांबूस कोवळी पालवी काढत असतो. पिंपळ चकाकणाऱ्या नव्या पानांनी भरायला लागतो. त्याच महिन्यात मेलबर्नमधल्या झाडांची पानं पिवळी पडायला सुरुवात होते.

दोन्हीकडे झाड एकच गोष्ट करतं. पानाचा देठ जिथे फांदीला जोडलेला असतो, तिथे पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो. पानातली उपयोगी द्रव्यं झाड आत ओढून घेतं आणि पान सुटतं. पान टिकवणं म्हणजे खर्च. तो परवडत नाही तेव्हा झाड पान सोडून देतं.

पण खर्च न परवडण्याची कारणं वेगळी आहेत. महाराष्ट्राच्या कोरड्या भागात अडचण पाण्याची असते. पाऊस ऑक्टोबरला गेला की जमिनीतली ओल कमी होत जाते. पानांमधून पाण्याची वाफ होत राहते, म्हणून झाड पानं कमी करतं. थंड प्रदेशात अडचण उजेडाची आणि गारठ्याची असते. दिवस लहान झाला की पान पुरेसं अन्न तयार करू शकत नाही आणि कडाक्याच्या थंडीत त्याच्या पेशींना इजा होते.

रंगाचंही तसंच. पानातलं हरितद्रव्य मोडायला लागलं की आधीपासून असलेली पिवळी-केशरी द्रव्यं दिसू लागतात. लाल रंग मात्र बऱ्याच झाडांत त्याच काळात नव्याने तयार होतो. स्वच्छ ऊन असलेले दिवस आणि गार, पण बर्फ न पडणाऱ्या रात्री असल्या की लाल रंग जास्त खुलतो.

आपल्याकडे हा संपूर्ण खेळ पाहायचा तर काश्मीरमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरला चिनार बघायला जावं लागतं.

ऑस्ट्रेलियाची पानगळ मुळात ऑस्ट्रेलियाची नाहीच

इन्स्टाग्रामवर मेलबर्नच्या लाल-सोनेरी रस्त्यांचे फोटो दिसतात. त्यातली बहुतेक झाडं बाहेरून आणलेली आहेत. एल्म, ओक, प्लेन, मेपल ही झाडं युरोपीय वसाहतीच्या काळात आणि नंतर लावली गेली. मेलबर्नच्या फिट्झरॉय गार्डन्समधल्या एल्मच्या रांगा त्यातल्याच.

या एल्मना आज वेगळं महत्त्व आहे. 'डच एल्म' नावाच्या रोगाने युरोप आणि उत्तर अमेरिकेतली प्रचंड संख्येने एल्म झाडं मारली. हा रोग ऑस्ट्रेलियात पोहोचलेला नाही, त्यामुळे मेलबर्नमध्ये जुने एल्म मोठ्या संख्येने टिकून आहेत.

ऑस्ट्रेलियाची स्वतःची झाडं बहुतांश सदाहरित आहेत. निलगिरी आपल्या ओळखीची आहे. तिची पानं वर्षभर असतात, साल मात्र सोलून पडते. दक्षिण गोलार्धाचा सुमारे ८१ टक्के पृष्ठभाग समुद्राने व्यापलेला आहे. समुद्रामुळे तिथले हिवाळे उत्तरेइतके कडक होत नाहीत, म्हणून थंडीसाठी पानं गाळण्याची गरज तिथल्या झाडांना कमी पडली. शिवाय ऑस्ट्रेलियाची बरीच माती निकस आहे. अशा मातीत दरवर्षी सगळी पानं नव्याने काढणं झाडाला महाग पडतं.

याला एक प्रसिद्ध अपवाद आहे. टास्मानिया बेटाच्या डोंगरांवर 'फॅगस' नावाचं लहानसं झाड वाढतं. हिवाळ्यासाठी पानं गाळणारं हे ऑस्ट्रेलियाचं एकमेव देशी झाड मानलं जातं. एप्रिलच्या उत्तरार्धात त्याची पानं पिवळी, केशरी आणि मग लाल होतात. माउंट फील्ड आणि क्रेडल माउंटन या राष्ट्रीय उद्यानांत ते बघायला लोक मुद्दाम जातात.

ऑटमचे रंग पाहण्यासाठी आणखी काही ठिकाणं प्रसिद्ध आहेत. व्हिक्टोरिया राज्यातलं ब्राइट हे गाव, सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समधलं माउंट विल्सन आणि न्यूझीलंडमधलं अ‍ॅरोटाउन. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, पॅटागोनियात, 'लेंगा' नावाच्या देशी झाडांची जंगलं एप्रिलमध्ये लालभडक होतात. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात द्राक्षांच्या मळ्यांची पानं रंग बदलतात.

सगळ्या दक्षिण गोलार्धात ऑटम असतो का?

नाही. विषुववृत्ताच्या जवळ गेलात की चार ऋतूंचा हिशेब बसत नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला असलेल्या डार्विन शहरात दोनच मुख्य ऋतू मानतात: ओला आणि कोरडा. एप्रिलमध्ये तिथे पानगळ नसते, तर पावसाळा संपत असतो.

चार ऋतूंची ही पद्धतही ऑस्ट्रेलियात युरोपातून आली. तिथल्या मूळ रहिवाशांचे ऋतू वेगळे आहेत आणि ते प्रत्येक प्रदेशाप्रमाणे बदलतात. पर्थ शहराच्या परिसरातला नुंगार समाज वर्षाचे सहा ऋतू मानतो. प्रत्येक ऋतू साधारण दोन महिन्यांचा, अगदी आपल्यासारखा!

त्यांच्या हिशेबाने फेब्रुवारी-मार्च म्हणजे 'बुनुरू', वर्षातला सर्वांत तापलेला काळ. एप्रिल-मे म्हणजे 'जेरान'. तेव्हा पहाटे दव पडायला लागतं, रात्री गार होतात आणि पंख फुटलेल्या मुंग्या उडताना दिसतात. यात पानगळीचा उल्लेखच नाही, कारण तिथल्या मूळ झाडांची पानं गळतच नाहीत. वसंत ते शिशिर असे सहा ऋतू मानणाऱ्या मराठी माणसाला हे चटकन कळतं: ऋतूची नावं त्या त्या मातीवरून पडतात.

पाडवा पानगळीत, संक्रांत भर उन्हाळ्यात

आपले सण तिथीवर चालतात, पण तिथीचे महिने सूर्याच्या राशींशी बांधलेले आहेत. म्हणून पाडवा दरवर्षी साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच येतो. हे वेळापत्रक उत्तर गोलार्धात तयार झालं आहे. ते दक्षिणेत नेलं की तारखा त्याच राहतात, ऋतू मात्र उलटतो.

मेलबर्न किंवा सिडनीत चैत्र पालवीचा सण पानगळीत येतो. आषाढीची वारी इकडे पावसात चालत असते तेव्हा तिकडे हिवाळा असतो. गणपती हिवाळा संपता संपता येतात. कोजागिरी आणि दिवाळी वसंतात येतात. आणि संक्रांतीला अंगात ऊब यावी म्हणून तीळगूळ खायचा, तर तिकडे भर उन्हाळा असतो. उत्तरायण म्हणजे सूर्य उत्तरेकडे सरकणं. आपल्यासाठी तो जवळ येतो, त्यांच्यासाठी लांब जातो.

ही अडचण फक्त आपली नाही. ईस्टर हा युरोपात वसंताचा सण आहे. अंडी आणि ससे ही नव्या जन्माची चिन्हं तिथूनच आली. ऑस्ट्रेलियात ईस्टर ऑटममध्ये येतो आणि नाताळ कडक उन्हाळ्यात. तिथल्या लोकांनी सण सोडले नाहीत, त्यात आपली भर घातली. सशाबरोबर तिथला 'बिल्बी' हा देशी प्राणीही आता ईस्टरच्या चॉकलेटमध्ये मिळतो.

मराठी माणसांनी तर हा प्रश्न जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच पाहिला आहे. १८३४ नंतर भारतातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेले गेले. त्यात कोकणातून, मुख्यतः रत्नागिरी भागातून गेलेली मराठी कुटुंबंही होती. या मजुरांची जहाजं पोर्ट लुईला ज्या धक्क्यावर लागत, तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मॉरिशस दक्षिणेला सुमारे २० अंशांवर आहे. कुरुळी जेवढी विषुववृत्ताच्या वर, जवळपास तेवढंच मॉरिशस खाली. तिथे मुख्य ऋतू दोनच: नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि जून ते सप्टेंबर हिवाळा. मे आणि ऑक्टोबर हे मधले, बदलाचे महिने. म्हणजे त्यांचा ऑटम जेमतेम महिनाभराचा.

ऋतू उलटले तरी तिथल्या मराठी लोकांनी सणांच्या तिथी बदलल्या नाहीत. गणेश चतुर्थीला आज मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते. पाडव्याच्याच दिवशी येणाऱ्या उगादीलाही सुटी असते. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवली जाते. सण टिकायला ऋतू जुळावाच लागतो असं नाही, हे त्यांच्याकडे बघून कळतं.

पाडवा तिकडे एक दिवस पुढे का जातो?

कधीकधी कॅलेंडरमध्ये भारतातला पाडवा आणि ऑस्ट्रेलियातला पाडवा वेगळ्या तारखांना दिसतो. ही छपाईची चूक नसते. सूर्योदयाला कोणती तिथी आहे यावर सण ठरतो. मेलबर्नला सूर्य आपल्यापेक्षा कितीतरी तास आधी उगवतो. समजा प्रतिपदा आपल्याकडे पहाटे चारला लागली. मग कुरुळीच्या सूर्योदयाला प्रतिपदा असेल. पण मेलबर्नचा त्या दिवशीचा सूर्योदय आधीच होऊन गेलेला असेल, तेव्हा अमावास्याच असेल. म्हणून तिथे पाडवा दुसऱ्या दिवशी धरला जाईल.

प्रत्यक्षात घरची गुढी त्या दिवशी आणि मंडळाचा कार्यक्रम जवळच्या शनिवार-रविवारी, अशी सोय अनेक जण करतात. मराठी असोसिएशन सिडनी, ऑकलंड मराठी असोसिएशन अशा संस्था तिकडच्या नव्या माणसाला लोकांमध्ये मिसळायला उपयोगी पडतात.

कुरुळीहून ऑटममध्ये जात असाल तर

ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांचं पहिलं सत्र साधारण फेब्रुवारी अखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला सुरू होतं. म्हणजे इथून जाणाऱ्या बऱ्याच विद्यार्थ्यांचा तिथला पहिला ऋतू ऑटमच असतो. काही गोष्टी आधी माहीत असल्या तर सोपं जातं.

*घड्याळ बदलतं.* व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स, टास्मानिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि राजधानी कॅनबेराच्या प्रदेशात एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटे तीनला घड्याळ एक तास मागे घेतात. क्वीन्सलँड, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरीत असा बदल होत नाही. मेलबर्न आपल्यापेक्षा आधी साडेपाच तास पुढे असतं, त्या रविवारपासून साडेचार तास पुढे. न्यूझीलंडही त्याच रविवारी घड्याळ बदलतं आणि फरक साडेसात तासांवरून साडेसहा तासांवर येतो.

घरच्यांसाठी याचा सरळ अर्थ असा: मुलगी रात्री आठला फोन करत असेल, तर मार्चमध्ये तो फोन कुरुळीत दुपारी अडीचला येईल आणि एप्रिलपासून साडेतीनला. आणि इथल्या रात्री नऊला तुम्ही फोन लावलात, तर तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असेल.

*संध्याकाळ एकदम जवळ येते.* घड्याळ मागे गेलं की मेलबर्नमध्ये सात वाजता मावळणारा सूर्य दुसऱ्या दिवशी सहाला मावळतो. कॉलेज किंवा कामावरून सुटेपर्यंत अंधार. ज्यांना हा अनुभव नवा असतो त्यांना या काळात उदास वाटू शकतं, घरची आठवण जास्त येऊ शकते. दुपारच्या उन्हात रोज थोडा वेळ बाहेर पडणं, चालणं आणि माणसांत राहणं याचा उपयोग होतो. उदासी आठवडे उलटले तरी जात नसेल, झोप-जेवण बिघडत असेल, तर ते अंगावर काढू नका. विद्यापीठातल्या समुपदेशकाशी किंवा डॉक्टरशी बोला. घरच्यांनीही 'थंडीच आहे, सवय होईल' म्हणून विषय संपवू नये.

*कपडे थरांचे घ्या.* मेलबर्नमध्ये एका दिवसात चार ऋतू येतात, असं तिथले लोक गमतीने म्हणतात. सकाळी १० अंश, दुपारी २२, संध्याकाळी वारा आणि पाऊस. एकच जाडजूड जॅकेट नेण्यापेक्षा आत टी-शर्ट, वर स्वेटर आणि त्यावर पाऊस-वारा अडवणारं पातळ जॅकेट जास्त कामाचं. भाड्याची जुनी घरं आतून बरीच गार असतात, हेही लक्षात ठेवा.

*ऊन उत्तरेकडून येतं.* कुरुळीत वर्षातला बराचसा काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. मेलबर्नमध्ये तो कायम उत्तरेला असतो. म्हणून तिथे खोली भाड्याने घेताना खिडकी उत्तरेला आहे का ते बघतात. तीच खोली ऑटम-हिवाळ्यात उबदार राहते. चंद्रही तिकडे आपल्या तुलनेत उलटा दिसतो, त्यावरचा ससा डोक्यावर उभा राहिलेला!

*आंब्याची डहाळी बॅगेत टाकू नका.* पाडव्यासाठी कडुनिंबाचा पाला, आंब्याची पानं, फुलं सोबत द्यावीत असं आईला वाटणं साहजिक आहे. पण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे जैवसुरक्षा नियम फार कडक आहेत. ताजी पानं, फुलं, फळं, बिया यांतून कीड-रोग जाऊ नयेत म्हणून ते आहेत. एल्म झाडं वाचली त्यामागे दूर असण्याबरोबर अशा काळजीचाही वाटा आहे. बॅगेत खाण्याचं किंवा वनस्पतीचं जे काही असेल, ते तिथे पोहोचताना जाहीर करा. लपवलं आणि सापडलं तर दंड होतो, व्हिसावरही परिणाम होऊ शकतो.

*फ्लूची लस विचारून घ्या.* दक्षिण गोलार्धात फ्लूची साथ प्रामुख्याने त्यांच्या हिवाळ्यात येते. त्यामुळे ऑस्ट्रेलियात लस घेण्याची वेळ साधारण एप्रिल-मे असते. विषाणू बदलत असतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी लशीची शिफारस वेगवेगळ्या वेळी करते. आपल्याला कोणती आणि कधी घ्यायची हे डॉक्टरांना विचारा.

*रानातली अळिंबी तोडू नका.* हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर अळिंबी शोधायला जाणारे लोक आहेत. मेलबर्न आणि कॅनबेरा परिसरात ऑटमच्या पावसानंतर 'डेथ कॅप' नावाची अतिशय विषारी अळिंबी उगवते, विशेषतः ओकच्या झाडांखाली. ती दिसायला साधी असते, खाण्याच्या काही जातींसारखीच. शिजवल्याने तिचं विष जात नाही. त्रास सुरू व्हायला सहा ते चोवीस तास लागू शकतात आणि तोपर्यंत यकृतावर परिणाम सुरू झालेला असतो. तिथला आरोग्य विभाग ऑटममध्ये याबद्दल इशारे देतो. अळिंबी दुकानातूनच घ्या. चुकून बाहेरची खाल्ली गेली, तर लक्षणांची वाट न बघता लगेच रुग्णालयात जा.

महिन्याला महिना लावून बघितलं तर

मार्च: कुरुळी परिसरात कडुनिंबाला पालवी, रब्बी कांद्याची काढणी आणि पाडव्याची तयारी. मेलबर्नमध्ये उन्हाळ्याचे शेवटचे गरम दिवस, यारा व्हॅलीत द्राक्षांची तोडणी.

एप्रिल: इकडे दुपारी रस्ते ओस. तिकडे घड्याळ मागे, पानं पिवळी-लाल, पहाटे गारठा.

मे: इकडे वळवाच्या सरी आणि महिन्याच्या मध्याला एक दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, सावली पायाखाली. तिकडे झाडांच्या फांद्या मोकळ्या, पाचला संध्याकाळ.

आणि जूनमध्ये इकडे मृगाचा पाऊस येतो तेव्हा तिकडे हिवाळा सुरू झालेला असतो. ऑटममध्ये तोडलेली तिकडची सफरचंदं तोवर चाकणच्या गाडीवर आलेली असतात.